प्रवचनातलं मीठ आणि मिठागरातलं मीठ

वाडीवाला (वसई)

येशूच्या दाखल्यांत, म्हणजे त्याने सांगितलेल्या बोधकथांत, देवळातल्या वस्तू फारशा नाहीतच. मीठ, दिवा, पीठ, जाळं, मेंढरू, घरात हरवलेलं नाणं, मजुरीवरून झालेली कुरबुर. ऐकणारे गालिलातले कोळी, कुळं, रोजंदारीवर जाणारे. त्यांना वस्तू रोजची ओळखीची, कोडं पडायचं ते अर्थाचं. आपल्याकडे उलटं झालंय. अर्थ रविवारच्या वर्गापासून पाठ आहे आणि वस्तूला कुणी हात लावलेला नाही. 'जगाचं मीठ व्हा' असं सांगणाऱ्याने मिठागर पाहिलेलं असतं ते नायगाव आणि भाईंदरच्या मध्ये, लोकलच्या दारातून.

माझं म्हणणं एवढंच, की विश्वास रोज जगायचा कसा हे सांगणाऱ्या या उपमा ज्यांच्या धंद्यातून उचलल्या त्यांना कुणी कधी विचारत नाही. विचारलं तर भलतंच ऐकायला मिळतं. कधीकधी प्रवचनाच्या बरोब्बर उलटं.

मिठाचंच घ्या. आमच्या ओळखीचे एक आगरी बाबा आहेत, जन्म मिठागरात गेला. ते सांगतात, भरतीचं पाणी आधी मोठ्या साठ्यात घ्यायचं, मग एकातून दुसऱ्या उथळ वाफ्यात फिरवत न्यायचं. ऊन आणि वारा पाणी आटवत जातात. आधी चुनखडीसारखं काहीबाही तळाला बसतं, मग मीठ धरायला लागतं. पण पाणी पुरतं आटू द्यायचं नाही. शेवटी जे उरतं ते कडू पाणी, ते वेळेवर सोडून द्यावंच लागतं. लोभाने तेही आटवलं तर मीठ कडवट होतं आणि पावसाळ्यात पाझरायला लागतं. गोणीखाली ओल, चार महिन्यांनी बघाल तर निम्मं मीठ वाहून गेलेलं आणि मागे पांढरी बेचव कचकच.

मी त्यांना बायबलातल्या मत्तयच्या शुभवर्तमानातलं, पाचव्या अध्यायातलं वचन सांगितलं. खारटपणा गेलेलं मीठ बाहेर टाकतात आणि लोक ते तुडवतात, ते. शाळेत रसायनशास्त्र शिकल्यापासून मला ते वचन खटकायचं, कारण मिठाचा खारटपणा जाईल कसा? बाबांना काहीच खटकलं नाही. "जातो की. घाईत काढलेल्या मिठाचा जातो." ही घाई आणि ते कडू पाणी मी आजवर एकाही प्रवचनात ऐकलेलं नाही. आमच्याकडे मीठ म्हणजे चव आणणं आणि टिकवणं, संपलं.

शिवाय मराठी माणसाच्या कानाला मीठ म्हटलं की खाल्ल्या मिठाला जागणं आठवतं. निष्ठा. ते वचनात कुठे नाही, पण आपल्या लोकांनी ते आपसूक धरून घेतलंय. आमच्या आजीला विचारलं असतं तर तिने हाच अर्थ सांगितला असता, आणि तो अर्थ काही वाईट नाही.

तरुणांच्या शिबिरात हल्ली 'प्रार्थना म्हणजे चार्जिंग', 'बायबल म्हणजे जीपीएस' असं चालतं, त्याबद्दल न बोललेलं बरं. वस्तू रोजची असली म्हणजे झालं असं नाही. चार्जिंगला लावलेला फोन आपण विसरून जातो.

तर ज्यांचे हात खरोखर पिठात, मातीत, जाळ्यात असतात त्यांनी लिहा. ख्रिस्ती नसलात तरी चालेल.

---

तिफण (नगर)

वा! विषय जिव्हाळ्याचा. पेरणाऱ्याच्या दाखल्याची गंमत सांगतो.

आमच्याकडे रब्बीची ज्वारी तिफणीने किंवा पाभरीने, म्हणजे बैलांनी ओढायच्या पेरणीच्या अवजाराने, पेरत आले. चाड्यावर (बी सोडायच्या लाकडी वाटीवर) मूठ धरणारी बाई असते, बी नळीतून थेट तासात, म्हणजे सरीत पडतं, पाठोपाठ माती ओढली जाते. चाड्यावर बसवतात ती घरातली सगळ्यांत जाणती बाई, कारण मूठ सैल सुटली की बी वाया. आता अशा माणसाला सांगा, की एक पेरणारा पेरायला निघाला आणि त्याचं काही बी वाटेवर पडलं, काही खडकाळीवर, काही काट्यांत. आमच्या चर्चच्या मंडळीतले एक म्हातारे उपासना झाल्यावर पाळकांना (धर्मगुरूंना) म्हणाले होते, "पाळकसाहेब, हा शेतकरी हाय का उधळ्या?"

पाळकांनी त्यांना पॅलेस्टाईनची पद्धत समजावली. तिकडे बी मुठीने फोकायचे, म्हणजे रानभर उधळायचे, आणि काही अभ्यासक म्हणतात की आधी फोकून मग नांगर घालायचे. माहिती बरोबरच आहे. पण म्हाताऱ्याचा प्रश्न त्या माहितीने मिटला असं मला वाटत नाही. तो प्रश्नच दाखल्याचा गाभा आहे असं माझं मत. आपण सगळे 'मी कोणती जमीन?' यात अडकतो. मुरमाड का काळी, काटे म्हणजे पैसा की मोह वगैरे. तिफण हाकणाऱ्याला पहिल्यांदा दिसला तो पेरणारा, ज्याला बी वाया जाण्याची फिकीर नाही. लायकी बघून पेरत नाही तो. मग ख्रिस्ती माणसाने उपकार करताना तास आखून करावेत की फोकावेत? आमच्या मंडळीत यावर चांगली तासभर जुंपली होती.

अजून एक. चांगल्या जमिनीत तीसपट, साठपट, शंभरपट पीक आलं म्हणतात. त्या काळच्या गव्हाला ते डोळे विस्फारायला लावणारं असणार. पण ज्वारीच्या एका कणसात शेकडो दाणे भरतात. आमच्या म्हाताऱ्यांच्या हिशेबाने शंभरपट म्हणजे त्या साली कणसं नीट भरलीच नाहीत.

---

तर्कट

लेख आवडला, पण एक शंका. उपमा बदलल्याने माणूस बदलतो का? मीठ कसं काढतात हे कळल्यावर कोण चांगला वागायला लागला? याकोबाच्या पत्रातच म्हटलंय ना, की कृतीवाचून विश्वास निर्जीव आहे. (मी नास्तिक आहे, पण मिशनच्या शाळेत शिकलो. वचनं पाठ आहेत, बाकी काही नाही.) उपमा ही धार्मिक माणसाची करमणूक आहे असं माझं प्रामाणिक मत.

---

सांदोरची_सून

तर्कट, करमणूक तर करमणूक. माझं ऐका.

स्वर्गाचं राज्य खमिरासारखं आहे, एका बाईने ते घेतलं आणि तीन मापं पिठात लपवून ठेवलं, सगळं पीठ फुगेपर्यंत. दाखला एका ओळीचा आहे म्हणून प्रवचनातही एका ओळीत उरकतात. 'थोडक्याने खूप होतं.' अहो, पण तीन मापं म्हणजे किती? ते माप सेआ, आणि तीन सेआ म्हणजे पस्तीस-चाळीस लिटरच्या घरात पीठ! हे घरच्या भाकरीचं काम नव्हे. हा लग्नाचा घाणा आहे. शंभर माणूस जेवेल. म्हणजे ही बाई कुणाच्या तरी कार्याला राबतेय आणि ते पीठ एकटीने मळतेय. दंड दुखून येतात हो. हे कुणी पुरुष प्रवचनकाराने सांगितलेलं मला आठवत नाही.

आमच्याकडे लग्नाला फुग्या करतात. मैदा, अंडी, नारळाचं दूध, आणि पीठ वर येण्यासाठी ताडी. आता बहुतेक जणी यीस्ट घालतात, पण ताडीची चव वेगळी. पीठ मऊ, जवळजवळ ओघळतं. मुठीत घेऊन अंगठा आणि पहिल्या बोटाच्या मधून पिळायचं, गोळा वर आला की तेलात सोडायचा. पहाटेची ताजी ताडी गोड असते, तीच दुपारपर्यंत चढते. किती चढलेली घ्यायची हे नाकाला कळतं. थंडीत पीठ यायला वेळ लागतो, मग पातेलं गोधडीत गुंडाळून ठेवायचं. आणि नवीन सुनेची पहिली खोड म्हणजे दर पंधरा मिनिटांनी झाकण उघडून बघणं. माझ्या सासूबाई हातावर चापट मारायच्या. पीठ बघितल्याने येत नाही, उलट ऊब जाते.

मला रोजच्या विश्वासाबद्दल यातून जे कळलं ते असं, की काम झाल्यावर हात काढून घेणं हाही कामाचाच भाग आहे. पोरं चर्चला येत नाहीत म्हणून उठताबसता त्यांना टोचणाऱ्या आमच्या मैत्रिणींना मी हेच सांगते. झाकण ठेव गं.

आणि हो, याच खमिराबद्दल बायबलात वाईटही बोललंय. परुश्यांच्या (कर्मठ यहुदी पंथातल्या लोकांच्या) खमिरापासून जपा असं येशूच म्हणतो, आणि करिंथकरांना लिहिलेल्या पत्रात प्रेषित पौल जुनं खमीर काढून टाकायला सांगतो. तेही खरंच आहे. आंबलेलं उरलेलं पीठ नव्या पिठात घातलं की चांगल्याबरोबर जुना वासही येतो.

---

टोरांटोकर

वाचून हसू आलं. इथे हिवाळ्यात पालिकेच्या गाड्या रस्त्यावर मीठच टाकतात, बर्फ वितळावं म्हणून. लोक ते तुडवतात, बूट पांढरे होतात, आणि त्यामुळेच कुणी घसरून हाड मोडून घेत नाही. आमच्या मराठी मंडळीच्या पाळकांनी एकदा यावरच संदेश दिला, की टाकाऊ होऊन पायदळी गेलेलं मीठसुद्धा कुणाचा तरी पाय सावरतं. मत्तयला हे अभिप्रेत नव्हतं हे नक्की. पण उणे पंधरामध्ये बसस्टॉपपर्यंत चालत आलेल्यांना पटलं.

---

पिंपळगावकर (ता. निफाड)

मी ख्रिस्ती नाही. द्राक्षबाग आहे. आमचे एक शिक्षक शरणपूरचे, नाशिकच्या जुन्या ख्रिस्ती वस्तीतले. ते बागेत आले की 'मी द्राक्षवेल, तुम्ही फाटे' हे हटकून म्हणायचे. योहानाचा पंधरावा अध्याय त्यांच्यामुळे मला जवळजवळ तोंडपाठ. त्यांच्याशी माझा जो वाद व्हायचा तो इथे मांडतो.

तो अध्याय म्हणतो, की फळ देणाऱ्या फाट्याला अधिक फळ यावं म्हणून बाप तो छाटतो. त्यावरून सरसकट सांगतात, की आयुष्यात दुःख आलं म्हणजे देव छाटणी करतोय. आता छाटणी कशी होते ते सांगतो. थंड मुलखात वेल हिवाळ्यात झोपते, पानं गळतात, तेव्हा एकदा छाटतात. आपल्या हवेत वेल झोपतच नाही, म्हणून वर्षातून दोनदा. एप्रिलची खरड छाटणी, आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. खरड छाटणीला ओलांड्यावर (वेलीच्या आडव्या फांदीवर) एकदोन डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, ठेवून सगळं काढतो. बाग नागडी दिसते, नवख्याला रडू येईल. पण ती छाटणी फळासाठी नसते, काड्यांसाठी असते. त्या नव्या काड्यांच्या डोळ्यांत पुढच्या दीड-दोन महिन्यांत घड आतल्या आत तयार होतो. बाहेरून काही दिसत नाही. त्या दिवसांत ढगाळ हवा राहिली की घड कमी धरतात, आणि ते कळतं थेट दिवाळीच्या आसपास, डोळे फुटल्यावर. मग कितीही खत-पाणी करा. कधी निघालेला घडसुद्धा जिरतो, त्याची नुसती बाळी (वेलीचा ताणा) होते.

आणि महत्त्वाचं म्हणजे माल काढला की लगेच कुणी कात्री लावत नाही. वेल थकलेली असते. तिला विश्रांती देतो, खत देतो, पाणी देतो, मुळ्या चालू होऊ देतो. मगच छाटतो. आजारी वेलीवर जोराची छाटणी करणारा बागाईतदार मी पाहिलेला नाही, आणि केली तर वेल जाते. तेव्हा ज्याच्या घरात नुकतंच कुणी गेलंय त्याला 'देव तुम्हाला छाटतोय' म्हणणाऱ्याने एक हंगाम आमच्याकडे काढावा. सर यावर नेहमी गप्प व्हायचे. मग एकदा म्हणाले, लूकच्या तेराव्या अध्यायातला माळी बघ. अंजिराला तीन वर्षं फळ नाही, मालक तोड म्हणतो, आणि माळी म्हणतो अजून एक वर्ष राहू द्या, मी भोवताली खणून खत घालतो. तो माळी मात्र मला आमच्यातला वाटला.

दुसरं, कलमाचं. आमची वेल स्वतःच्या मुळावर नसते. खाली डॉगरिजचा खुंट, रानटी जात. पाणी कमी आणि क्षार जास्त अशा जमिनीतही तग धरतो. वर थॉमसन नाही तर सोनाका. पौल रोमकरांना लिहितो ते उलटं आहे. त्याने रानटी जैतुनाची डहाळी चांगल्या झाडावर बांधली. 'पौल शहरी माणूस, त्याला शेतीतलं काय कळतंय' असं सर हसून म्हणायचे. पण पौलानेच पुढे लिहिलंय की हे निसर्गाविरुद्ध आहे, म्हणजे गड्याला ठाऊक होतं. मला वाटतं तुम्हा मराठी ख्रिस्ती लोकांचं आमच्या बागेसारखं आहे. मूळ इथल्या रानाचं, फळाची काडी बाहेरून आणलेली.

---

तर्कट

पिंपळगावकर, प्रतिसाद जबरदस्त. पण डॉगरिज टेक्सासचा आहे हो! म्हणजे मूळही आयात आणि काडीही आयात. उपमा कुठेतरी गळतेच, मी म्हणत होतो ते हेच. :)

---

पिंपळगावकर

हा हा. खरं आहे. पण पाणी गोदावरीचं!

---

अभंगवेडा

मी वारकरी घरातला. धागा वाचताना सारखी आपली संतमंडळी आठवत होती. सावतोबांना मळ्यात विठ्ठल दिसतो, गोरोबांना चिखल तुडवताना, सेना महाराजांना हजामतीच्या धोकटीत, नरहरींना सोनं तोलताना. तिथे उपमा व्यासपीठावरून खाली येत नाही. ज्याचा धंदा तोच गातो. वाडीवाल्यांनी जी उणीव सांगितली तिच्यावर मराठीत उत्तर आधीच आहे, फक्त ते चर्चच्या भिंतीबाहेर आहे.

रेव्हरंड टिळकांना हे कळलं होतं. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला, पण तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणत. मिशनच्या उपासनेत तेव्हा बहुतांशी इंग्रजी चालींवर बेतलेली गीतं. यांनी अभंग लिहिले, भजन आणि कीर्तन आणलं, ख्रिस्ताला माउली म्हटलं. पुढे १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात देवाचा दरबार मांडला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यालाही जागा. दोन वर्षांत ते गेलेच. पण तेही कवी आणि कीर्तनकार. ख्रिस्ती सावता माळी मराठीत कुठे आहे? कुणाला माहीत असेल तर सांगा, मला खरंच वाचायचंय.

---

कोपरगावची_लेक

इतका वेळ वाचत होते. आता लिहिते, थोडं कडू लागेल.

बागाईतदार, मिठागर, लग्नाचा घाणा, सगळं छान. पण नगर जिल्ह्यात ख्रिस्ती झाले ते बहुतेक महार आणि मांग समाजातले. अमेरिकन मिशन मुंबईत १८१३ ला आलं, नगरला १८३१ पासून ठाणं. ज्या लोकांनी प्रभू स्वीकारला त्यांच्यातल्या बहुतेकांकडे पेरायला स्वतःचं रान नव्हतं आणि छाटायला बाग नव्हती. त्यांच्याकडे होतं ते बलुतं आणि गावकीची कामं. सांगावा नेणं, मेलेलं ढोर ओढणं, सरकारी माणसाचं ओझं पुढच्या गावापर्यंत पोचवणं. कायद्याने ही वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानंतर.

अशा घरात 'मी ख्रिस्ताचा दास' हे शब्द कसे ऐकू येत असतील याचा विचार करा. पौल अभिमानाने स्वतःला दास म्हणवून घेतो, कारण तो जन्माने रोमी नागरिक होता. त्याला ते परवडतं. माझे आजोबा कधीच ते म्हणायचे नाहीत. प्रार्थनेत 'तुझं लेकरू' म्हणायचे, दास शब्द आला की गाळायचे. पाळक टोकायचे, आजोबा ऐकायचे नाहीत. जू सोपं आहे, ओझं हलकं आहे, हे वचन मात्र त्यांचं लाडकं. बैलांसाठी नव्हे. ज्याने दुसऱ्याचं ओझं कोसभर डोक्यावरून फुकट नेलंय त्याला 'हलकं' हा शब्द किती मोठा आहे ते कळतं.

आणि त्यांना सगळ्यांत पटायचं ते पाय धुण्याचं. योहान तेरा. तिथे गुरू कुणाला 'दास हो' म्हणून सांगत नाही, स्वतः कमरेला रुमाल बांधून खाली बसतो. पवित्र आठवड्यात आमच्याकडे हा प्रसंग वाचला जायचा तेव्हा आजोबा मान खाली घालत नसत, वर बघायचे. नोकराने धनी व्हायची गोष्ट सगळेच सांगतात, धन्याने नोकराच्या जागी बसायची फक्त इथे आहे, असं ते म्हणत.

म्हणून तर्कट यांना सांगते. उपमा ही करमणूक ज्यांना परवडते त्यांची असेल. आमच्याकडे कोणती उपमा घ्यायची आणि कोणती गाळायची यावर माणूस ताठ उभा राहतो की वाकतो ते ठरत होतं.

---

तिफण (नगर)

ताई, आमच्याकडेही चाड्यावरची मूठ दुसऱ्याच्याच रानात होती. मी लिहिताना ते गाळलं. म्हातारे 'उधळ्या' म्हणाले त्याला तीच पार्श्वभूमी. धन्याचं बी सांडलं तर मजुराला शिव्या बसतात.

---

उत्तनकर

कोळी बोलतोय, थोडक्यात.

जाळ्याचा दाखला आहे. समुद्रात टाकलेल्या जाळ्यात सर्व प्रकारचं येतं, मग काठावर बसून चांगलं टोपलीत, वाईट बाहेर. आमची डोल, म्हणजे पिशवीसारखं मोठं जाळं, खुंटाला किंवा नांगराला बांधून प्रवाहाच्या तोंडावर लावलेली असते. उधाणाला पाणी जोरात, जाळं भरतं. भांगाला, म्हणजे भरती-ओहोटी कमी असते तेव्हा, पाणी मंद, जाळं रिकामं. बोंबील, जवळा, मांदेली आणि त्याबरोबर काय काय येतं ते विचारू नका. प्लास्टिकच्या पिशव्या आता माशांपेक्षा जड. निवडायला बायका बसतात, तासन् तास, बर्फाने बोटं बधिर.

सांगायचं असं, की डोल लावणारा पाण्यात असताना निवडत नाही. निवडूच शकत नाही. निवड काठावर, आणि दाखल्यात तेही काम देवदूतांकडे दिलंय. आमच्या गावात कोण खरा ख्रिस्ती आणि कोण नुसता नाताळचा ख्रिस्ती याची निवड करणारे पाण्यातच सुरू होतात. आधी जाळं तर ओढा.

---

वाडीवाला

सगळ्यांचे आभार, धागा माझ्या हाताबाहेर गेला हे फार बरं झालं.

कोपरगावची_लेक, तुमच्या प्रतिसादावर मी काही जोडत नाही. आजोबांचं 'वर बघणं' आमच्या फादरना वाचून दाखवणार आहे, तुमची हरकत नसेल तर.

अभंगवेडा, पुस्तकातला ख्रिस्ती सावता मलाही माहीत नाही. पण वर लिहिलेले प्रतिसाद बघा की.

तर्कट, तुम्ही कृतीचं म्हणालात म्हणून माझी एक रोजची उपमा देतो, बायबलात नसलेली. विरार लोकलची चौथी सीट. तीन जणांच्या बाकावर चौथा येतो आणि नुसतं बोटाने 'जरा' अशी खूण करतो. तिघे सरकतात. चौथ्याला मिळते ती चार बोटं जागा, अर्धं शरीर बाहेर, तोल पायावर. सरकणाऱ्याचं फारसं काही जात नाही, पण सरकताना कपाळावर आठी असते, आणि ती आठी असूनही माणूस सरकतो. प्रेम उमाळ्याने करायचं असतं असं मला लहानपणी वाटायचं. शेजाऱ्यावर प्रेम करण्याचा माझ्या आयुष्यातला सगळ्यांत नियमित सराव हा बोरिवलीपर्यंतचा आहे, आठीसकट.

---

तर्कट

चौथी सीट मान्य. ती नास्तिकालाही मिळते.

---

सांदोरची_सून

आणि लेडीज डब्यात बसायच्या आधीच 'कुठे उतरणार?' विचारून जागा बुक होते, ते कोणत्या शुभवर्तमानात बसवायचं ते सांगा. :)

वाडीवाले, माझी एक सूचना. ऑक्टोबरात आगेऱ्याला, म्हणजे कापणीच्या सणाला, नव्या भाताच्या लोंब्या घेऊन आपण चर्चमध्ये जातो, आशीर्वाद होतो, आणि प्रवचन मात्र फादरच करतात. त्या दिवशी दहा मिनिटं एखाद्या भात लावणाऱ्या बाईला बोलू द्या की. भाताचं रोप उपटून दुसऱ्या खाचरात का लावतात, एवढं जरी तिने सांगितलं तरी पुरे.

---

वाडीवाला

कल्पना झकास आहे. पॅरिश कौन्सिलच्या बैठकीत मांडतो. माईक फादर देतील, त्याची मला चिंता नाही. बोलणारी शोधायची तर आमच्याकडे भात लावणाऱ्या उरल्यात किती? खाचरांवर इमारती झाल्या, आणि जे थोडं रान उरलंय तिथे लावणीला जव्हार-मोखाड्याच्या आदिवासी बायका येतात. त्या आपल्या मिस्सेला (चर्चमधल्या उपासनेला) नसतात.

---

कोपरगावची_लेक

मग त्यांनाच बोलवा ना.